पोस्ट पडली की दिवे हलावेत: चवथीच्या मखरासाठी नेटला जोडलेलं एलईडी पॅनेल

प्रश्न डिचोलीच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा आहे. वाड्यावरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात मखरामागे ६४ आडवे आणि १६ उभे दिवे असलेलं एलईडी पॅनेल लावायचं आहे. मंडळाचा हॅशटॅग घालून कुणी इन्स्टाग्रामवर किंवा एक्सवर पोस्ट टाकली की पॅनेलवर लगेच ॲनिमेशन सुरू व्हावं, जमलं तर पोस्टमधले मराठी शब्दही सरकत जावेत, अशी मंडळाची इच्छा आहे. हाताशी ईएसपी ८२६६ या वायफायवाल्या छोट्या चिपचा एक बोर्ड आहे आणि इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. चवथीला दीड महिना उरलाय. आत्ताचा प्रोग्रॅम दर पाच सेकंदांनी नेटवर जाऊन नवी पोस्ट आली का ते विचारतो, आणि तेवढा वेळ दिवे गोठून राहतात.

गेली बारा वर्षं फोंड्यात राहून मी शिगम्याच्या चित्ररथांना, नरकासुरांना, जत्रेतल्या मंडपांना असे दिवे लावतो आहे. त्यातून पटलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पॅनेलला इन्स्टाग्राम, एक्स, टेलिग्राम यातलं काहीही ठाऊक असता कामा नये. त्याला फक्त 'आता लाट काढ, केशरी रंगाची, एवढ्या जोराची' इतकंच कळावं. ऐकायचं काम एकानं करावं, उजळायचं दुसऱ्यानं.

तुझे दिवे गोठतात ते याचमुळे. नेटवर एचटीटीपीची (वेबपान मागतो तशी) विनंती गेली की उत्तर येईपर्यंत लूप तिथंच थांबतो. शिवाय सुरक्षित जोडणीसाठी टीएलएस ही माहिती कुलूपबंद करणारी पद्धत लागते, त्याचा एक रेकॉर्ड १६ केबीपर्यंत असू शकतो, आणि ईएसपी ८२६६ मध्ये मुळात मोकळी मेमरी ४०-५० केबीच्या आसपास. प्रमाणपत्र तपासायचं तर बोर्डाला खरी तारीख माहीत हवी, म्हणजे आधी एनटीपी, नेटवरून वेळ विचारून घेणं. एवढा संसार त्या चिमुकल्या चिपवर टाकून वर दर सेकंदाला तीस चित्रं काढ म्हणणं अन्याय आहे.

म्हणून ऐकायचं काम जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर दे. तिथं पायथनचा छोटा प्रोग्रॅम नेटवरून संदेश घेईल, गाळेल, आणि मॉस्किटो नावाच्या एमक्यूटीटी ब्रोकरवर (एमक्यूटीटी ही छोटे संदेश पाठवायची पद्धत, ब्रोकर ते वाटणारा मधला प्रोग्रॅम) टाकेल. एमक्यूटीटी १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहातून नजर ठेवण्यासाठी तयार झालं, त्यामुळे तुटक्या नेटवर्कवर टिकून राहणं त्याच्या रक्तातच आहे. पावसातल्या गोव्याला हे फार मानवतं. पॅनेलचा बोर्ड लॅपटॉपच्याच घरगुती राउटरवर राहून ब्रोकरकडे कान लावून बसतो. बाहेरचं नेट गेलं तरी पॅनेल आपलं शांत ॲनिमेशन चालू ठेवतं, मखर काळोखात जात नाही. बोर्ड मात्र ईएसपी ३२ घे. दोन कोअर असल्यानं वायफायची कटकट एका बाजूला राहते, आणि दिव्यांचे सिग्नल पाठवायला त्यात वेगळं हार्डवेअर आहे. ८२६६ वर वायफायचा व्यत्यय आला की दिवे मधूनच भलत्याच रंगाचे चमकतात.

आता ऐकायचं कुठून? इथं तुझ्या मंडळाला थोडं वाईट वाटेल.

२०११ मध्ये चिअरलाइट्स नावाचा एक प्रकल्प सुरू झाला. ट्विटरवर (आजचं एक्स) एखाद्या रंगाचं नाव लिहिलं की जगभरच्या लोकांच्या घरातले दिवे त्या रंगाचे व्हायचे. त्या काळी ट्विटरचा सार्वजनिक प्रवाह फुकट ऐकता येत असे आणि असले खेळ एका संध्याकाळी बांधून व्हायचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोफत एपीआय, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला माहिती मागायचं दार, बंद करण्याची घोषणा झाली. नंतर आलेल्या मोफत वर्गात पोस्ट लिहायची सोय राहिली, शोधून वाचायचं तर २०२३ मध्ये महिन्याला १०० डॉलरपासून सुरुवात होती. वाड्यावरच्या वर्गणीतून असला खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इन्स्टाग्रामचं दार उघडं आहे, पण अरुंद. हॅशटॅग शोधायला बिझनेस किंवा क्रिएटर खातं लागतं, ॲपची तपासणी मंजूर करून घ्यावी लागते, सात दिवसांत ३० वेगवेगळे हॅशटॅगच शोधता येतात, आणि 'ताज्या' यादीत गेल्या २४ तासांतल्या सार्वजनिक पोस्टच मिळतात. पोस्ट पडताच कुणी तुला हाक मारत नाही, तूच पुन्हा पुन्हा जाऊन विचारायचं. वेबपान खरवडून पोस्टी काढणारे प्रोग्रॅम नेटवर मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस. ते नियमांत बसत नाहीत, आणि पान थोडं बदललं की नेमके चवथीच्या संध्याकाळी बंद पडतात.

मस्टडॉन आणि ब्लूस्काय ही ट्विटरसारखीच जाळी. मस्टडॉनवर हॅशटॅगचा प्रवाह अजून फुकट ऐकता येतो. ब्लूस्कायचा जेटस्ट्रीम तर सगळ्या पोस्टी जेसनमध्ये (प्रोग्रॅमला वाचता येईल अशा मजकुरात) वाहून देतो, हॅशटॅग आपण गाळून घ्यायचा. सरावाला दोन्ही उत्तम. पण तुमच्या वाड्यावर तिथं किती माणसं आहेत?

म्हणून मी मंडळांना दोनच वाटा सुचवतो. पहिली टेलिग्रामच्या बॉटची. मंडपाच्या दाराशी क्यूआर कोड लावायचा, माणसानं तो स्कॅन करून बॉटला एक ओळ किंवा फोटो पाठवायचा, आणि मखर हललं पाहिजे. बॉट फुकट आहे, कुणाची मंजुरी लागत नाही. हॉटस्पॉटवर मोबाइल कंपनी तुला स्वतःचा सार्वजनिक आयपी सहसा देत नाही, त्यामुळे वेबहुक, म्हणजे सर्व्हरनं बाहेरून स्वतःहून मारलेली हाक, तुझ्यापर्यंत पोचणारच नाही. तेव्हा लाँग पोलिंग वापर. आपण विनंती पाठवायची, सर्व्हरनं ती ३०-४० सेकंद धरून ठेवायची आणि संदेश आला की त्याच क्षणी उत्तर द्यायचं. जोडणी आतून बाहेर जाते, म्हणून चालते. बॉट ग्रुपमध्ये घालणार असशील तर एक लक्षात ठेव. प्रायव्हसी मोड चालू असताना त्याला ग्रुपमधले साधे संदेश दिसत नाहीत, फक्त कमांड आणि त्याला उद्देशून आलेली उत्तरं दिसतात. पुष्कळ जणांचा अख्खा दिवस यात जातो.

दुसरी वाट यूट्यूबच्या लाइव्ह चॅटची, आणि ती माझ्या जास्त जिवाची आहे. आरती तुम्ही लाइव्ह दाखवतच असाल. दुबईत किंवा पुण्यात असलेला वाड्यावरचा मुलगा चॅटमध्ये 'मोरया' लिहितो आणि इथं त्याच्या गणपतीमागे दिव्यांची लाट उठते. ती त्याला त्याच प्रक्षेपणात काही सेकंदांनी दिसते. एका मंडपात हे पहिल्यांदा झालं तेव्हा आजी उठून पॅनेलजवळ गेली आणि दिव्यांना हात लावून आली. चॅटचे संदेश यूट्यूबच्या एपीआयमधून मिळतात. प्रत्येक उत्तरासोबत पुढचा प्रश्न किती मिलिसेकंदांनी विचारायचा तेही येतं, ते पाळ. दिवसाचा नेहमीचा कोटा १०,००० युनिटांचा असतो. दर सेकंदाला विचारत बसलास तर तीन तासही पुरणार नाही.

मंडपात उभ्या असलेल्या माणसाला मात्र उत्तर सेकंदाभरात मिळालं पाहिजे. संदेश पाठवल्यावर दहा सेकंद काही झालं नाही, तर नंतर उठलेली लाट आपली होती हे त्याला कळतच नाही आणि तो फोन खिशात घालून निघून जातो. टेलिग्रामची वाट मी आधी सांगितली ती म्हणूनच.

ऐकणाऱ्या प्रोग्रॅमात दोन गोष्टी विसरू नकोस. हाताळलेल्या संदेशाचा क्रमांक डिस्कवर लिहून ठेव आणि पुढच्या वेळी त्याच्या पुढूनच माग, नाहीतर वीज जाऊन आली की आधी दाखवलेले संदेश पुन्हा नाचू लागतील. दुसरं म्हणजे रांग. आरती संपली की एका मिनिटात चाळीस संदेश येतात. प्रत्येकाला तीन सेकंद दिलेस तर शेवटच्याचा नंबर दोन मिनिटांनी लागेल. मी रांगेत पाचच ठेवतो. त्यापुढचे एकत्र करून एकच मोठी लाट काढतो, जितके जास्त संदेश तितकी ती रुंद आणि तेजस्वी. गर्दीचा आवाज वाढतो तसं ते वाटतं, आणि कुणी वगळलंही जात नाही.

आता दिवे. १६ बाय १६ ची लवचिक पॅनेलं डब्ल्यूएस २८१२बी दिव्यांची असतात. चार जोडलीस की १,०२४ दिवे. एका दिव्याला २४ बिट लागतात, एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद. सगळे एकाच डेटा लाइनवर ठेवलेस तर एक चित्र पाठवायला ३१ मिलिसेकंद जातात आणि सेकंदाला बत्तीसच्या वर चित्रं काढता येत नाहीत. चार पॅनेलांना चार पिनांवरून समांतर सिग्नल दे, ते आठ मिलिसेकंदांवर येईल आणि लाट कशी तुपासारखी सरकेल.

ईएसपी ३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा. पाच व्होल्टवर चालणाऱ्या या दिव्याला 'एक' समजायला पुरवठ्याच्या सात दशांश, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. टेबलावर चालतं, मंडपात लांब वायर लावली की अंगात आल्यासारखं करतं. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही लेव्हल बदलणारी आयसी घाल, डेटा लाइनवर ३३० ओहमचा रेझिस्टर, आणि पुरवठ्यावर १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

विजेचा हिशेब मात्र बसून कर. पूर्ण पांढरा लावला तर एक दिवा साधारण ६० मिलिअँपिअर खातो. १,०२४ दिव्यांचे ६१ अँपिअर होतात, पाच व्होल्टवर तीनशे वॉटच्या वर. मखरात एवढा उजेड लागतही नाही, मूर्तीकडे बघवणार नाही. कमाल उजेड पंचवीस टक्क्यांवर बांधलास की १५-१६ अँपिअरमध्ये भागतं. फास्टएलईडी लायब्ररीत व्होल्ट आणि मिलिअँपिअरची मर्यादा घालून देता येते, ती घालच. बाजारात सहज मिळणारा पाच व्होल्ट ४० अँपिअरचा एसएमपीएस (दिव्यांना वीज पुरवणारा डबा) मग निम्म्याहून कमी लोडवर, थंड चालतो.

माझी पहिली मोठी चूक वायरच्या जाडीत झाली होती. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम असतो. एसएमपीएस दोन मीटर लांब ठेवला तर जाऊन-येऊन चार मीटर, आणि दहा अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट वायरीतच जिरतो. माझ्या चित्ररथावर पांढरा रंग सुरुवातीला पांढरा आणि टोकाला तांबूस दिसत होता. निळ्या आणि हिरव्या दिव्याला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, लाल दोनवर भागवतो, म्हणून व्होल्टेज पडलं की आधी निळा मावळतो. रात्रभर मी प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसलो होतो. तेव्हापासून प्रत्येक पॅनेलला एसएमपीएसपासून स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज, यात तडजोड करत नाही.

आणि हे मखर आहे रे. कापड, कागद, कापूर, समई सगळं हाताच्या अंतरावर. वरून माटोळी. तिच्यातली पानं नि फळं दोन दिवसांत ठिबकू लागतात, बाहेर भाद्रपदाचा पाऊस. एसएमपीएस मखराबाहेर, उंच आणि हवेशीर जागी ठेव. मंडपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग वायरमनकडून करून घे. सोल्डर केलेल्या सांध्यांवर सिलिकॉन लाव. आपल्या खाऱ्या दमट हवेत तांबं आठवड्याभरात हिरवं पडायला लागतं, आणि वाहत्या विजेच्या जागी तर त्याहून लवकर.

आता मराठी अक्षरं, ज्याबद्दल तू एकच ओळ विचारलीस आणि ज्यात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. बोर्डावरच्या लायब्ऱ्या एकेक कोड घेऊन त्याचं चित्र शेजारी शेजारी ठेवतात. इंग्रजीला तेवढं पुरतं. 'विघ्नहर्ता' घे. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये ते दहा कोड आहेत आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३० बाइट. वेलांटी साठवताना 'व'च्या नंतर येते, काढताना आधी. 'घ' आणि 'न' जोडायचे, 'र'चा रफार पुढच्या 'त'च्या डोक्यावर चढवायचा. हे न करता काढलेली मराठी इतकी केविलवाणी दिसते की त्यापेक्षा शब्द न दाखवलेले बरे. देवाच्या पाठीमागे मोडकी 'श्री' दिसली तर मला झोप येत नाही.

यावर उपाय तोच, काम वाटून दे. शब्दाचं चित्र लॅपटॉपवर तयार कर आणि पॅनेलला अक्षरं न पाठवता ठिपके पाठव. पायथनच्या पिलो लायब्ररीत राक्म नावाचं इंजिन असेल तर ती हार्फबझच्या मदतीनं जोडाक्षरं अचूक बसवते. ते आहे का हे आधी तपासून घे, नसेल तर पिलो तक्रार न करता मोडकीच मराठी काढते. फाँट 'मुक्त' (Mukta) नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी, जाड वजनाचा. १६ ओळी म्हणजे काटकसरच. वरच्या चार ओळी वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफारासाठी, मग शिरोरेषा, खाली आठ ओळींत अक्षराचं अंग आणि उरलेल्या तीन उकारांना. आठ उंचीच्या पॅनेलवर मराठी बसतच नाही, कुणी बसवून देतो म्हणाला तरी ऐकू नकोस. कडा गुळगुळीत करणारे करडे ठिपके कुठून पांढरे आणि कुठून काळे मानायचे तो उंबरठा डोळ्यांनी ठरव. शिरोरेषा सलग आणि 'घ'च्या वळणातली पोकळी उघडी, दोन्ही साधलं की थांब.

इथंच एक छुपा खड्डा आहे. २०० स्तंभ रुंद आणि १६ उंच अशा चित्राचे ४०० बाइट होतात. पबसबक्लायंट या लोकप्रिय एमक्यूटीटी लायब्ररीची मूळ मर्यादा २५६ बाइट आहे आणि त्याहून मोठा संदेश ती गपचूप टाकून देते. बफर वाढवून घे.

लाटेचं गणित सोपं आहे. मधला एक बिंदू धर, प्रत्येक दिव्याचं त्यापासूनचं अंतर काढ, वेळेबरोबर वाढणारी त्रिज्या त्यातून वजा कर. फरक शून्याजवळ असेल तिथं दिवा उजळ, दूर असेल तिथं मंद, आणि तीन सेकंदांत सगळंच हळूहळू विझव. विहिरीत खडा पडल्यासारखं दिसतं. डोळ्याला उजेड सरळ पट्टीत कळत नाही, म्हणून शेवटी गॅमा (उजेडाचे आकडे डोळ्याला जुळवणारी वक्र पट्टी) लाव, नाहीतर उजळ छटा सगळ्या सारख्याच दिसतील. पॅनेलमध्ये दिव्यांची साखळी नागमोडी जाते, एक रांग वरून खाली तर पुढची खालून वर. लाट करवतीसारखी दातेरी दिसली तर चूक तिथं आहे. वेळ मोजायला डिले (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरू नकोस, मिलिस (नुसतं घड्याळ वाचणारी) वापर. आणि एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट होईल असं काही करू नकोस. अपस्माराचा त्रास असलेल्या माणसाला त्यातून झटका येऊ शकतो, आणि मंडपात कोण उभं आहे ते आपल्याला माहीत नसतं.

लोकांचे शब्द मखरावर थेट जाऊ देऊ नकोस. लाट लगेच उठू दे, त्याला कुणाची परवानगी नको. शब्द मात्र मंडळाच्या दोघांच्या खासगी टेलिग्राम गटात आधी जावेत, तिथं 'दाखवा' आणि 'नको' अशी दोन बटणं असावीत. बॉटमध्ये ही बटणं करता येतात. आडनावं, फोन नंबर, मुलांचे फोटो पॅनेलवर नकोतच. आणि आरतीसाठी बोर्डाला एक खरं, हातानं दाबायचं बटण लाव. ते दाबलं की संदेश रांगेत साठत राहतील, पॅनेलवर फक्त समईच्या ज्योतीसारखा मंद उजेड राहील. आरती झाली की साठलेलं सगळं एका मोठ्या लाटेत सोड.

आधी एकाच पॅनेलवर, घरच्या वायफायवर, बॉटपासून लाटेपर्यंत सगळं जोडून बघ. मंडपातला राउटर २.४ गिगाहर्ट्झवर ठेव, ईएसपी ३२ ला ५ दिसत नाही, आणि नव्या फोनचा हॉटस्पॉट कधी कधी ५ वरच उघडतो. मग चारही पॅनेलं अख्खी रात्र चालू ठेव, मधे दोनदा मेन स्विच बंद-चालू करून सगळं आपोआप उठतंय का ते पाहा. वायरी विकत घेण्याआधी मखर ते एसएमपीएस हे अंतर टेपनं मोजून कळव, प्रत्येक पॅनेलला किती जाडीची लागेल ते आपण मिळून काढू.